विसंगतीचा प्रश्न: दोन्ही विधानं खरी धरूनच सुरुवात करा

तर्कक्षमतेच्या परीक्षेत एकमेकांशी न जुळणारी वाटणारी दोन विधानं देऊन 'खालीलपैकी कोणतं विधान ही विसंगती दूर करतं?' असा प्रश्न दिसला की बरीच मुलं दोनपैकी कुठलं विधान खोटं, ते शोधत बसतात. तिथेच मार्क जातो. दिलेली दोन्ही विधानं खरीच धरायची. घोळ असतो तो वाचताना आपण न सांगता धरलेल्या गृहीतकात.

मी वर्गात आधी 'तरीही', 'मात्र', 'असूनही' या शब्दांना गोल करायला लावते. मग पर्याय हाताने झाकायचे आणि स्वतःच्या शब्दांत लिहायचं: अमुक असताना तमुक कसं?

मूतखड्यांवरचा १९८६चा ब्रिटिश अभ्यास मी दरवेळी घेते, कारण तो खराखुरा आहे. लहान खड्यांत उघडी शस्त्रक्रिया ९३ टक्के यशस्वी, छोट्या छिद्रातून केलेली ८७. मोठ्या खड्यांतही उघडीच पुढे: ७३ विरुद्ध ६९. एकूण आकडा मात्र उलटा, उघडी ७८ आणि छिद्रातली ८३! दोन्ही गटांत पुढे असलेली पद्धत एकूणात मागे कशी?

आता पर्याय बघा. 'छिद्रातल्या शस्त्रक्रियेत जखम लहान असते': विषय तोच, पण यशाच्या आकड्यांशी संबंध नाही. 'मोठे खडे काढणं अवघड असतं': हा फसवा. खरा आहे, पण तो दोन्ही पद्धतींना सारखाच लागू पडतो, मग निकाल उलटेल कशाने? 'मोठ्या खड्यांचे बहुतेक रुग्ण उघड्या शस्त्रक्रियेकडे गेले': हेच उत्तर. तिथे ३५० पैकी २६३ जण मोठ्या खड्यांचे होते, दुसरीकडे ३५० पैकी फक्त ८०. मोठ्या खड्यांत यश मुळातच कमी, म्हणून उघडीचा एकूण आकडा खाली आला. दोन्ही पद्धतींकडे रुग्ण सारखेच आले असतील, हे आपणच धरून चाललो होतो.

म्हणून उत्तर नक्की करण्याआधी ते दोन विधानांच्या मध्ये ठेवून वाचा. एकाच बाजूचं कारण मिळत असेल तर खोडा. एखादं विधान खोटं ठरवत असेल तरी खोडा.

अडलात तर आधी एवढं तपासा: एकीकडे संख्या आणि दुसरीकडे टक्केवारी आहे का? 'नोंदवलेल्या तक्रारी' आणि 'घडलेले प्रकार' एकच धरलेत का? निम्म्याहून जास्त प्रश्न मला इथेच सुटताना दिसतात.

प्रश्नात 'वगळता' हा शब्द असेल तर पाचपैकी चार पर्याय विसंगती सोडवतात, न सोडवणारा उरलेला एक निवडायचा. अशा प्रश्नात प्रत्येक पर्यायापुढे बरोबर किंवा फुलीची खूण करत जा, घाईत हमखास उलटं उत्तर दिलं जातं.