लिनक्स कर्नलसाठी डिव्हाइस ट्री बाइंडिंग कसं लिहावं

यूएसबी माउस जोडला की तो आपली ओळख कर्नलला स्वतःच सांगतो. एम्बेडेड बोर्डावर आय-टू-सी बसला (चिप जोडायच्या दोन तारांच्या मार्गाला) जोडलेला तापमान सेन्सर मात्र गप्प असतो. तो कुठल्या पत्त्यावर आहे, त्याला वीज कुठून मिळते, हे डिव्हाइस ट्रीत, म्हणजे बोर्डावरच्या हार्डवेअरच्या वर्णनात, लिहून द्यावं लागतं. ते कसं लिहायचं याचे नियम सांगणारी फाइल म्हणजे बाइंडिंग. पूर्वी या फाइली साध्या मजकुराच्या असत. आता त्या यॅमल या ठरावीक रचनेत लिहितात, म्हणजे चुका यंत्रालाही पकडता येतात.

सुरुवात चिपच्या डेटाशीटपासून (कंपनीच्या तांत्रिक माहितीपत्रकापासून) करा, ड्रायव्हरपासून, म्हणजे चिप चालवणाऱ्या कोडपासून, नको. माझ्या मते निम्मं काम इथेच होतं. ड्रायव्हर उद्या बदलेल, पण चिपच्या पिना बदलणार नाहीत. शिवाय हीच वर्णनं यू-बूटसारखे, कर्नल सुरू करून देणारे बूटलोडरही वापरतात. सेन्सर किती वेळाने वाचायचा हे सॉफ्टवेअरने ठरवायचं असतं, त्यामुळे ते बाइंडिंगमध्ये येत नाही.

मग 'कम्पॅटिबल', म्हणजे ड्रायव्हर ज्यावरून चिप ओळखतो ते नाव, ठरवा: कंपनीचा उपसर्ग, स्वल्पविराम, चिपचं पूर्ण नाव. उपसर्ग नोंदलेला नसेल तर आधी उपसर्गांच्या यादीत घाला. चिपच्या नावात शेवटच्या अंकाच्या जागी 'एक्स' टाकून अख्खी मालिका उरकू नका. त्याच मालिकेत पुढे येणारी चिप वेगळी वागू शकते.

आता गुणधर्म. समजा, सेन्सरला अलर्टची पिन आहे. ती इंटरप्ट (प्रोसेसरचं लक्ष वेधणारा संकेत) म्हणून नोंदवायचीच, तुमचा ड्रायव्हर आज ती वापरत नसला तरी. पण 'रिक्वायर्ड', म्हणजे सक्तीच्या गुणधर्मांच्या, यादीत ती घालावी का? एखाद्या बोर्डावर ती पिन कशालाच जोडलेली नसेल आणि सेन्सर तरीही तापमान देत असेल, तर ती सक्तीची नाही. विजेच्या पिनेचं तसं नाही, तिच्याशिवाय चिप चालतच नाही. प्रत्येक पिनेला हाच प्रश्न विचारा. संख्येच्या गुणधर्माच्या नावातच एकक हवं, जसं मायक्रोव्होल्ट किंवा ओहम.

शेवटी उदाहरण द्या. नोडला (डिव्हाइस ट्रीतल्या चिपच्या नोंदीला) चिपचं नव्हे, कामाचं नाव द्या: 'टेंपरेचर-सेन्सर', पुढे ॲट चिन्ह आणि पत्ता. नोडच्या नावात पत्ता ४८ असेल तर आतल्या 'रेग' या पत्त्याच्या गुणधर्मातही हेक्साडेसिमल ४८च हवा. घाईत चुकतं ते बहुधा इथे.

'डीटी-स्कीमा' हे तपासणीचं साधन इन्स्टॉल करून कर्नल बांधणाऱ्या 'मेक'ला 'डीटी बाइंडिंग चेक' हे टार्गेट द्या. ते फाइलही तपासतं आणि उदाहरणही. एकही वॉर्निंग उरली असेल तर पॅच (कर्नलमध्ये घालायचा बदल) पाठवू नका.

बाइंडिंगचा पॅच वेगळा ठेवा आणि पॅचच्या मालिकेत ड्रायव्हरच्या पॅचआधी लावा. कोणाला पाठवायचा ते कर्नलमधली 'गेट मेंटेनर' स्क्रिप्ट सांगते. पॅचच्या मजकुरात चिप काय करते ते दोन ओळींत लिहा, आणि एखादा गुणधर्म सक्तीचा का केला, हेही.