‘ड्यून’वर गप्पा मारायच्या तर पाण्यापासून सुरुवात करा

फ्रँक हर्बर्टच्या ‘ड्यून’ या कादंबरीवरचे देनी विल्नवचे दोन्ही चित्रपट मित्रमंडळींना एका दिवशी दाखवू नका. 2021चा पहिला भाग 155 मिनिटांचा, 2024चा दुसरा 166 मिनिटांचा. सव्वापाच तासांनंतर माणसाला जेवणाखेरीज काही सुचत नाही. एका शनिवारी पहिला, पुढच्या शनिवारी दुसरा आणि गप्पा रविवारी सकाळी, असं ठेवा. लगेच रात्री बोलायला बसलं की सगळे जण सँडवर्म (वाळूखालून फिरणारा अजस्र किडा) केवढा मोठा होता यावरच अडकतात. झोप झाली की प्रश्न सुचतात. आवाज मात्र चांगला हवा. लॅपटॉपच्या स्पीकरवर बघणार असाल तर नाही बघितलात तरी चालेल. सबटायटल्स चालू ठेवा, कारण बरेचसे संवाद कुजबुजीत आहेत.

पुस्तकं वाचलेली माणसं दोनच बोलवा, बाकीची कोरी असू देत. वाचलेल्यांना आधीच बाजूला घेऊन बजावायचं, की कुणी विचारल्याशिवाय वंशावळ सांगायची नाही. माझ्या भाचीचा एक मित्र आहे, त्याला नायक पॉलच्या अट्रायडीज घराण्याच्या सगळ्या पिढ्या पाठ आहेत. तो सुरू झाला की मी त्याला चहा गाळायला आत पाठवते. मुलगा हुशार आहे, पण त्याच्या पिढ्यांपायी नव्या माणसाला वाटतं की हे आपल्या आवाक्यातलं नाही, आणि तो फोन काढून बसतो.

मी पाटबंधारे खात्यात अभियंता होते. नोकरी पाणी मोजण्यात गेली, त्यामुळे माझं मत तसंही एकांगीच असणार. पण माझं म्हणणं आहे की या कथेत शिरायचा रस्ता पाण्याचाच आहे. भविष्यवाण्या, राण्या, सम्राट सगळे त्याच्या मागून येतात.

आधी सांगायचं ते एवढंच

चित्रपट लावण्याआधी पाच मिनिटं घ्या. कथा 10191 सालची आहे, पण हे साल इसवी सनातलं नाही. अंतराळातली वाहतूक हातात असलेल्या गिल्ड या संघाच्या स्थापनेपासून ते मोजलं जातं. त्याच्या आधी कधीतरी माणसांनी विचार करणाऱ्या यंत्रांविरुद्ध उठाव केला आणि माणसाच्या मनासारखं यंत्र बनवायचंच नाही असा धर्माज्ञेइतका कडक नियम घातला. म्हणून या जगात कॉम्प्युटर नाही. आकडेमोड करायला मेंटाट नावाची तयार केलेली माणसं आहेत. ताऱ्यांमधून जहाज सुखरूप न्यायला स्पाइस नावाच्या नशिल्या पदार्थाच्या जोरावर पुढचं पाहणारे नॅव्हिगेटर आहेत, आणि स्पाइस मिळतो फक्त अराकिस या वाळवंटी ग्रहावर. ही यंत्रबंदी चित्रपटात जवळपास बोललीच जात नाही, पण ती माहीत नसेल तर एका वाळवंटासाठी एवढी मारामारी कशाला, हे कळत नाही.

एक प्रश्न हमखास येतो: एवढं पुढारलेलं जग तलवारी घेऊन का लढतं? उत्तर तयार ठेवा. अंगाभोवतीचं शील्ड वेगाने येणारी वस्तू अडवतं, सावकाश सरकणारं पातं आत जाऊ देतं. लेझरचा झोत शील्डला लागला तर अणुस्फोटासारखा भडका उडतो, म्हणून लेझर वापरायला कुणी धजत नाही. आणि उघड्या वाळवंटात शील्ड चालू केलं की सँडवर्म पिसाळून येतो, म्हणून वाळवंटात राहणारे फ्रेमेन लोक ते वापरतच नाहीत. ही साखळी एकदा नीट सांगितली की पुढचे दोन्ही भाग सोपे जातात.

बेने जेसेरिट या गूढ पंथातल्या बायकांचं ‘प्राण-बिंदू’ शिक्षण, म्हणजे अंगातला प्रत्येक स्नायू ताब्यात ठेवायचं शिक्षण, निघालं की आपल्याकडे हशा पिकतोच. हसू द्या आणि पुढे चला.

खजुराची झाडं

रविवारची पहिली चर्चा पॉलच्या नशिबावरून सुरू करू नका, थुंकीवरून करा. पहिल्या भागात फ्रेमेनांचा म्होरक्या स्टिलगार पॉलच्या वडिलांसमोर, ड्यूक लेटोसमोर, टेबलावर थुंकतो, पहारेकरी चवताळतात आणि ड्यूकचा योद्धा डंकन सांगतो की हा मान आहे, तो आपल्या अंगातलं पाणी देतोय. विचारा, की हे कळायच्या आधी तुम्हाला काय वाटलं? जो आजवर तोंड उघडत नव्हता तोही यावर बोलतो.

मग खजुरांवर या. राजवाड्याच्या आवारात वीस खजूर आहेत आणि एक माळी त्यांना पाणी घालतोय. पुस्तकात हिशेब स्पष्ट दिलाय: एका झाडाला रोज 40 लिटर, एका माणसाला 8 लिटर. म्हणजे एक झाड पाच माणसांचं पाणी पितं, वीस झाडं शंभर माणसांचं. चित्रपटातला पॉल विचारतो, मग ही काढून टाकायची का? माळी नाही म्हणतो. झाडं पवित्र आहेत, ते जुनं स्वप्न आहे. नंतर हल्ल्यात तीच झाडं जळताना दिसतात. हा तुकडा पुन्हा लावून दाखवा आणि विचारा: तुम्ही तिथले अधिकारी असता तर झाडं ठेवली असती का? आमच्याकडे यावरून चांगलीच जुंपली. मी काढा म्हणणाऱ्यांत होते, आणि अजूनही आहे.

याला जोडूनच पुस्तकातलं मेजवानीचं प्रकरण मोठ्याने वाचायला घ्या, कारण चित्रपटात ते नाही. पाहुण्यांनी हात धुताना पाणी जमिनीवर सांडायचं, टॉवेल फेकायचे आणि दाराबाहेरच्या भिकाऱ्यांनी त्या टॉवेलांतलं पिळलेलं पाणी प्यायचं, अशी तिथली रीत. ड्यूक लेटो ती बंद करतो. अट्रायडीज आणि त्यांचं वैरी घराणं हार्कोनेन यांच्यातला फरक यापेक्षा थोडक्यात कुठे आलेला नाही. इंग्रजी अडलं तर वाचता वाचता मराठीत सांगा, वाक्यावाक्याला अडून बसू नका.

आकड्यांची आवड असणाऱ्यांसाठी आणखी एक. पुस्तकात फ्रेमेनांच्या एका गुहेतला साठा 3 कोटी 80 लाख डेकालिटरहून जास्त सांगितलाय. ऐकायला प्रचंड वाटतो. आमच्या भाषेत बसवला तर होतात 0.38 दलघमी (दशलक्ष घनमीटर). जायकवाडीचा एकूण साठा 2909 दलघमी आहे. म्हणजे ज्या पाण्यासमोर ते लोक हात जोडून उभे राहतात ते आपल्याकडच्या एखाद्या पाझर तलावाएवढं. असे साठे हजारो आहेत असंही पुस्तक सांगतं, तरीही हा भागाकार एकदा सगळ्यांसमोर करून दाखवाच.

मुख्य पेच

इथवर आलात की ‘लोर’ (lore) म्हणतात त्या, म्हणजे या कल्पित जगाच्या खोलातल्या गोष्टी काढायला हरकत नाही. पाणी हे सँडवर्मला विष आहे. दुसऱ्या भागात लहान सँडवर्म पाण्यात बुडवून त्यातून निळं द्रव काढतात ते आठवून द्या. सँडवर्मची सुरुवातीची एक अवस्था जमिनीखालचं पाणी कोंडून ठेवते, म्हणून ग्रह कोरडा राहतो. त्याच जीवनचक्रातून स्पाइस तयार होतो. आता फ्रेमेनांचं स्वप्न मांडा: अराकिस हिरवा करायचा. तिथला ग्रहशास्त्रज्ञ पार्डोट काइन्सने त्यासाठी 300 ते 500 वर्षांचा अंदाज दिला होता. ग्रह हिरवा झाला की सँडवर्म मरणार, सँडवर्म मेले की स्पाइस संपणार आणि स्पाइस संपला की जहाजं जागच्या जागी थांबणार. ज्याच्या हातात हे पाणी आहे त्याच्या हातात सगळं साम्राज्य आहे. पहिल्या पुस्तकाच्या शेवटी जोडलेलं पर्यावरणाचं परिशिष्ट छोटं आहे, ते एकाला आधीच वाचून यायला सांगा.

फ्रँक हर्बर्टला हे सुचलं ते 1957 साली ओरेगॉनमधल्या फ्लोरेन्स गावी. तिथल्या सरकत्या वाळूच्या टेकड्या अमेरिकेचं कृषी खातं गवत लावून थोपवत होतं, आणि तो त्यावर लेख लिहायला गेला होता. लेख राहिला, कादंबरी झाली. वीसेक प्रकाशकांनी नाकारलेली ही कादंबरी शेवटी 1965 साली चिल्टनने छापली, म्हणजे गाड्या दुरुस्तीची पुस्तकं काढणाऱ्या कंपनीने. मला हे फार आवडतं.

बदल: चानी, काइन्स, आलिया

“पुस्तकात असं नव्हतं” हे वाक्य बैठकीत बंद करा. त्याऐवजी “हे का बदललं असेल?” असं विचारायचा नियम घाला.

पॉलच्या धाकट्या बहिणीचं, आलियाचं, लवकर आटपतं. पुस्तकात ती जन्मते आणि लहान मुलगी असतानाच हार्कोनेनांच्या प्रमुखाला, बॅरनला, मारते. चित्रपटात ती पोटातच आहे आणि बॅरनला पॉल मारतो. कुणीतरी अभिमन्यूचं नाव काढेलच. काढू द्या, पण पुढे विचारा: अभिमन्यूने गर्भात अर्धाच व्यूह ऐकला, आलियाला तर सगळ्या पूर्वज बायकांच्या आठवणी एकदम मिळाल्या. यांत जास्त वाईट काय?

चानीवर, म्हणजे पॉलच्या फ्रेमेन प्रेयसीवर, मात्र वेळ द्या. पॉल हा तारणहार नाही, तारणहारापासून सावध राहा, हे हर्बर्टला सांगायचं होतं. वाचकांनी पॉलला डोक्यावर घेतलं, पण 1969 सालच्या ‘ड्यून मसाया’ या पुढच्या कादंबरीत त्याने तेच जास्त ठळक केलं. विल्नवने ते काम चानीवर सोपवलं. पुस्तकातली चानी पॉलचं सम्राटाच्या मुलीशी होणारं राजकीय लग्न पत्करते आणि पॉलची आई जेसिका तिला धीर देते, की इतिहास आपल्यालाच बायका म्हणेल. चित्रपटातली चानी तारणहार येणार या भविष्यवाणीवर विश्वास ठेवत नाही आणि शेवटी सँडवर्मवर बसून निघून जाते. बदल मला पटतो. ही भविष्यवाणी बेने जेसेरिटांनी पिढ्यान्‌पिढ्या आधी पेरून ठेवली होती, हे पडद्यावर कुणीतरी तोंडावर सांगायला हवंच होतं.

पण एक गोष्ट मला खटकते. पुस्तकात चानी ही लिएट-काइन्सची मुलगी आहे, म्हणजे ज्याने हिरव्या अराकिसचा हिशेब मांडला त्या पार्डोटची नात. चित्रपटात काइन्स बाई आहे, त्याला माझी काहीच हरकत नाही, उलट शॅरन डंकन-ब्रूस्टरने ते काम झकास केलंय. मात्र तिचं आणि चानीचं नातं कुठेच येत नाही. त्यामुळे चानीचा राग तिच्या लोकांसाठी उरतो आणि प्रेमभंगासाठी उरतो, आजोबांनी आखलेली योजना एका परक्या मुलाने पळवली म्हणून उरत नाही. काइन्सचं मरणही वेगळं आहे. पुस्तकात तो वाळवंटात एकटा पडलेला असतो, मेलेल्या बापाचा आवाज त्याला व्याख्यान देत असतो आणि आपल्या पायाखाली स्पाइसचा स्फोट होणार हे त्या शास्त्रज्ञाला आधी कळतं. ही चारपाच पानं वाचून मग चित्रपटातलं मरण लावा.

पुढच्या पुस्तकांतलं किती सांगायचं? तिसरा चित्रपट ‘मसाया’वर आहे, तेव्हा पॉलच्या युद्धात मेलेल्यांचा आकडा त्या पुस्तकात खुद्द त्याच्याच तोंडी येतो, तो सांगू नका. हर्बर्टच्या मुलाने नंतर सहलेखकाबरोबर लिहिलेल्या कादंबऱ्या वेगळ्या बैठकीसाठी ठेवा. यंत्रांविरुद्धचा उठाव बापाने मुद्दाम धूसर ठेवला होता, तो तिथे सगळा उलगडून सांगितलाय, आणि माझ्या मते त्यात मजा गेली.

शेवटी डेव्हिड लिंचच्या 1984च्या ‘ड्यून’ची फक्त अखेरची काही मिनिटं लावा. पॉल जिंकतो आणि अराकिसवर पाऊस पडतो. ज्यांनी पाण्याचा हिशेब लक्ष देऊन ऐकलाय ते ओरडतील: अरे, आता सँडवर्मचं काय, स्पाइसचं काय! एखादा लिंचची बाजू घेईल, की त्याचा पॉल खरोखरच देव झालाय आणि देवाला पाऊस पाडता येतो. त्याला खोडू नका. त्यालाच विचारा: विल्नवच्या पॉलने असा पाऊस पाडला असता, तर चानी थांबली असती का?