बार बसवायच्या आधी काय काय तयार ठेवायचं, आणि चाकं कुठे असली पाहिजेत

चारही चाकं जमिनीवर. हे पहिल्या ओळीतच लिहून टाकतो, पुढचं वाचायचा कंटाळा आला तरी एवढं डोक्यात राहिलं पाहिजे. गाडीची चासी, म्हणजे तिचा सांगाडा, घट्ट करणारा बार (धातूचा आडवा दांडा) बॉनेटखाली बसवा नाहीतर पोटाखाली, शेवटचा नट आवळताना गाडीचं सगळं वजन तिच्या स्वतःच्या चार चाकांवर हवं. जॅकवर नको, स्टँडवर नको. मागच्या खेपेला मी हात पुसायच्या फडक्यांपर्यंत सगळी यादी केली होती. राहिलं ते नेमकं एवढंच.

गाडी माझी फियाटची अबार्थ पुंटो. २०१५ साली आली, १.४ लिटरचं टर्बो इंजिन, १४५ हॉर्सपॉवर, आणि बनली इथेच रांजणगावला, म्हणजे तशी पुणे जिल्ह्याचीच. तिला स्पोर्ट्स कार म्हटलं की सोसायटीतले दोघंतिघं हसतात. हसू देत. ताम्हिणीला जाताना वळणात तिचं अंग थोडं सैल वाटायचं, म्हणून तीन बारांचा सेट मागवला: पुढच्या दोन स्ट्रट टॉवरना (स्ट्रट म्हणजे स्प्रिंग आणि शॉक अब्सॉर्बरचा खांब, तो वर जिथे बसतो तो टॉवर) जोडणारा एक, पुढे पोटाखाली चार बोल्टवर बसणारा एक, आणि मागे एक. वरचा पाऊण तासात बसला आणि डोक्यात हवा गेली. मग खालच्यासाठी पुढची बाजू जॅकने उचलून दोन स्टँडवर ठेवली. एक स्टँड दुसऱ्यापेक्षा एक खाच वर होता, हे मला दिसलंसुद्धा होतं. तीन बोल्ट लागले. चौथं भोक अर्धा सेंटिमीटर बाजूला. मी काय केलं? स्क्रू ड्रायव्हर घालून भोक ओढून जुळवलं, बोल्ट तिरपा आत घातला आणि आवळला. दुसऱ्या दिवशी कर्वे रोडच्या पहिल्याच गतिरोधकावर खालून ‘कट्’. आठवडाभरात चासीच्या आत वेल्ड केलेला नट सुटून गरागरा फिरायला लागला. तो कापून, नवा वेल्ड करून, रंग मारून घ्यायला साडेचार हजार गेले. बार स्वतः अकरा हजारांचा.

असं का होतं ते समजून घ्या, म्हणजे माझ्यावर विश्वास ठेवायची गरज नाही. घरातलं लोखंडी कपाट आठवा. एका पायाखालचा पुठ्ठा निसटला की दार लागत नाही, कुलूप अडकतं. कपाट मोडलेलं नसतं, त्याला पीळ पडलेला असतो. गाडीचंही तसंच. पत्र्याची असली तरी ती दगड नाही. एका कोपऱ्याखाली स्टँड उंच झाला की सगळी चासी किंचित पिळली जाते. शिवाय चाकं लोंबकळत असली की स्प्रिंगांचा टॉवरवरचा दाब निघून जातो आणि दोन टॉवरमधलं अंतर थोडं बदलतं. त्या अवस्थेत तुम्ही बार आवळला, म्हणजे वाकड्या गाडीला सरळ पट्टी बांधली. मग गाडी खाली आली की ती आपल्या मूळ आकाराला जायला बघते, बार तिला जाऊ देत नाही, आणि सगळं भांडण त्या बिचाऱ्या एका बोल्टवर येतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे तर तो पीळ आपणच नट लावून पक्का करतो.

तर यादी. पहिली जागा. स्टिल्ट पार्किंगची जमीन सपाट दिसते, सपाट नसते. पाणी वाहून जावं म्हणून उतार दिलेला असतो, आणि कुठेतरी गटाराच्या जाळीची कड वर आलेली असते. गवंडी वापरतात ती पारदर्शक पाण्याची नळी घ्या, हार्डवेअरवाल्याकडे मीटरवर मिळते. पाणी भरा, बुडबुडे काढा आणि चारही चाकांच्या जागा एकमेकींशी ताडून बघा. सगळी जमीन एकाच बाजूला उतरती असेल तर फार बिघडत नाही, हँडब्रेक आणि ठोकळे नीट लावा म्हणजे झालं. बिघडतं ते तीन चाकं एका पातळीत आणि चौथं दीड सेंटिमीटर वर असेल तेव्हा. उतार चालेल, पीळ चालणार नाही. माझ्या जागेत डावं मागचं चाक बरोबर जाळीवर येत होतं. पाच वर्षं तिथे गाडी लावतोय, कधी लक्षात आलं नव्हतं.

आता प्रश्न असा की चाकं जमिनीवर असतील तर पोटाखाली शिरायचं कसं. म्हणूनच माझी फसगत झाली, आणि याच मुद्द्यावर बहुतेकांची होते. उत्तर: जमीनच वर आणा. टिंबर मार्केटमधून दोन इंच जाड, फूटभर रुंद फळ्या कापून आणा. प्रत्येक चाकाखाली तीन थर, एकमेकांना स्क्रूने जोडलेले, पायऱ्यांसारखे, म्हणजे सहा इंच उंची मिळते. चारही चाकांखाली सारखे. दोनच चाकांखाली ठेवून ‘जवळपास तेच’ म्हणू नका. विटा नकोत, सिमेंटचे पोकळ ब्लॉक तर अजिबात नकोत. ते आधी काही सांगत नाहीत, एकदम फुटतात आणि खाली तुम्ही असता. एवढा खटाटोप नको असेल तर ओळखीच्या गॅरेजचा खड्डा दोन तासांसाठी मागा. लिफ्टवर न्यायची असेल तर कुठली लिफ्ट ते आधी विचारा. दोन खांबांची लिफ्ट गाडी बॉडीला धरून उचलते, चाकं लोंबतात, म्हणजे पुन्हा तेच. अलाइनमेंटवाल्यांकडे असते तशी, जिच्यावर गाडी चढवतात आणि चाकं पट्ट्यांवर टेकलेली राहतात, ती चालेल. सारखं तेच सांगतोय, माहीत आहे. साडेचार हजार माझे गेलेत.

जॅक, स्टँड, चाकांना ठोकळे, हातमोजे, गॉगल, टॉर्च: आहेतच, नसतील तर हे काम करू नका. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका. गाडीसोबत आलेला कात्री जॅक स्टेपनी बदलण्यासाठी असतो, तो डिकीतच राहू द्या.

हत्यारं. गोट्यांचा सेट आणि रिंग पाने घरात असतीलच. नसतील तर पुण्यातली बोहरी आळी, किंवा हौस असेल तर रविवारी किंवा बुधवारी जुना बाजार. पण तिथे टॉर्क रेंच, म्हणजे किती जोराने आवळलं ते मोजणारा पाना, घेऊ नका, कोणी कधी कुठे आपटलाय काय माहीत. टॉर्क रेंच लागतोच, आणि अर्धा इंची मोठा चालत नाही. तो बहुतेक वेळा चाळीस न्यूटन मीटरच्या पुढेच बरोबर मोजतो. ८.८ ग्रेडच्या (हा बोल्टच्या ताकदीचा आकडा) एम८, म्हणजे आठ मिलिमीटरच्या बोल्टला साधारण २५ न्यूटन मीटर पुरतात, एम१० ला ४५ ते ५०. म्हणून तीन अष्टमांश इंची लहान रेंच हवा. हे आकडे अंदाजासाठी आहेत. गाडीच्या मूळ नटांना मॅन्युअलमध्ये काय लिहिलंय तेच खरं. ‘मनगटाला कळतं’ असं म्हणणारे मेकॅनिक मला फार आदरणीय आहेत, त्यांचं मनगट तीस वर्षं जुनं आहे. आपलं नाही.

सेटसोबत येणारे बोल्ट डोळे झाकून वापरू नका. डोक्यावर ८.८ किंवा १०.९ कोरलेलं दिसलं पाहिजे. काही लिहिलेलं नसेल तर नवे आणा, शंभर-दीडशे रुपयांचा मामला आहे. नायलॉनचं कडं असलेला नट एकदा काढला की फेकायचा. त्याला थ्रेडलॉकर, म्हणजे नट आपोआप सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचा गोंद, लागत नाही. साध्या नटाला निळा लावा, लाल नको, नाहीतर पुढच्या वेळी गॅस टॉर्च आणावा लागेल. वायसर दोन-चार जास्त ठेवा. एक तरी घरंगळत इंजिनाच्या खालच्या कव्हरमध्ये जातोच. अबार्थवाल्यांसाठी वेगळं: मूळ नट किंवा टोपी तुटली तर नाना पेठेत अर्धा दिवस जाईल हे धरून चला, तेव्हा आधीच आणून ठेवा आणि जुनं सोबत न्या दाखवायला.

आदल्या रात्री सगळ्या जुन्या नट-बोल्टांवर गंज सोडवणारं तेल मारा. पोटाखालच्या भोकांमध्ये दोन पावसाळ्यांचा चिखल वाळून बसलेला असतो. तो तारेच्या ब्रशने काढा, मग नवा बोल्ट रिकाम्या भोकात हाताने पूर्ण आत जातो का ते बघा. हाताने जात नसेल तर पान्यानेही जाणार नाही, नुसतं तसं वाटेल.

बॉनेट. वरचा बार बसवून धाडकन बॉनेट लावलं तर आतून पोक निघतो आणि तो बाहेरून सगळ्यांना दिसतो. युक्ती सोपी आहे: घरातून कणकेचे तीन-चार गोळे आणा, बारावर ठेवा, वर प्लास्टिकचा कागद, बॉनेट हळूच लावा आणि उघडा. चपटा झालेला गोळा जेवढा जाड उरला तेवढी जागा. एक सेंटिमीटरपेक्षा कमी उरली तर थांबा, कारण इंजिन हलतं आणि बॉनेटही हलतं. आई म्हणाली, ‘पोळ्यांच्या कणकेत ग्रीस लागलं तर बघ.’ तेव्हा वेगळी मळून घ्या. पोटाखाली सायलेन्सरचा पाइप, ब्रेकच्या नळ्या आणि ड्राइव्ह शाफ्टचं रबर, या तिघांपासून बार किती लांब राहतो तेही बघा. आणि जमिनीपासून किती, ते टेपने मोजून लिहून ठेवा. आधी आणि नंतर. पुण्यातले गतिरोधक कोणी मोजून बांधत नाही.

दोन गोष्टींना हात लावायचा नाही. एक, स्ट्रटच्या अगदी मधला नट. कडेचे नट सुटले तर फार तर स्ट्रट खाली सरकतो (तोही गाडी हवेत असेल तर, म्हणजे इथेही चाकं जमिनीवर). मधल्या नटाखाली दाबलेली स्प्रिंग असते आणि ती सुटली तर तुमच्या तोंडाकडे येते. तुमच्या सेटला मधला नट काढावा लागत असेल तर तो घरी बसवायचा सेट नाही, विषय संपला. दुसरी, सीट बेल्टचे बोल्ट. काही आडवे बार केबिनमध्ये त्यांच्यावर बसवतात. त्या बोल्टांचे आटे बहुतेक गाड्यांत मेट्रिक नसतात, सात सोळांश इंची असतात, त्यामुळे मिळताजुळता बोल्ट घातला तर तो जागेवर बसल्यासारखा वाटतो आणि अपघातात बाहेर येतो. माझ्या सेटमध्ये तसला बार नव्हता, तुमच्यात असेल तर परत पाठवा.

कागदपत्रं: मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे, एकदा वाचा, आणि विमा कंपनीला ईमेल टाका. फोन नाही, ईमेल.

दिवस असा निवडा की संध्याकाळी गाडी लागणार नाही. मदतीला एक माणूस हवाच. माझा भाचा आला होता. ‘मामा, हे चौथं भोक का जुळत नाहीये?’ असं त्याने मागच्या वेळी विचारलं होतं आणि मी म्हणालो होतो, ‘कंपनीचा माल असाच असतो.’ कंपनीचा माल बरोबर होता. भोक जुळत नाही म्हणजे गाडी तुम्हाला सांगतेय की तिला पीळ आहे. तिथे थांबायचं, गाडी खाली आणायची, पुन्हा बघायचं.

प्रत्यक्ष काम थोडक्यात. सगळे बोल्ट हाताने दोन-तीन आटे, कोणताही आवळायचा नाही. गाडी जॅकवर असेल तर खाली घ्या. आणि आता ऐका: जॅकवरून उतरलेली गाडी लगेच खरी बसत नाही. टायर रस्त्याला धरतात, गाडी बोटभर उंचच राहते. जमिनीवर असाल तर मीटरभर पुढे ढकला, मीटरभर मागे, मग चारही कोपऱ्यांवर दोन-दोनदा वजन टाकून दाबा. फळ्यांवर असाल तर ढकलायचं नाही, नुसतं दाबायचं, भरपूर. आता ती चार चाकांवर आहे. आता आवळा, एका टोकाचा अर्धा, मग तिरप्या समोरच्याचा अर्धा, मग पूर्ण. बाराला मध्ये लांबी कमी-जास्त करायचा फिरता दांडा असेल तर हाताने ढिलाई जाईपर्यंतच फिरवा आणि लॉक नट लावा. पाना लावून ताणलात की पुन्हा पीळ, या वेळी विकत घेतलेला.

मग रंगाचे ओरखडे झाका, हत्यारं मोजा, शंभरेक किलोमीटरनंतर सगळे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा बघा, चाकं कुठे ते माहीत आहे. स्ट्रटचे नट सैल केले होते म्हणून अलाइनमेंटही करून घ्या. फरक जाणवतो का? ताम्हिणीत थोडा. पण टायर झिजलेले आणि बुश फाटलेले असतील तर आधी ते बदला, बार नंतर.