राखीव कोअरवरचे इंटरप्ट कमी कसे करावेत

लिनक्समध्ये प्रोसेसरचा एखादा कोअर (स्वतंत्रपणे काम करणारा भाग) एकाच कामासाठी राखून ठेवला, तरी कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्याला सहजासहजी एकटा सोडत नाही. टिक (कर्नलच्या घड्याळाचा नियमित ठोका) २५० हर्ट्झची असेल, तर चालू कामात दर ४ मिलिसेकंदांनी एक इंटरप्ट, म्हणजे हातातले काम थांबवायला लावणारा संकेत, येतो. त्याखेरीज उपकरणांचे आणि दुसऱ्या कोअरकडून येणारे इंटरप्ट असतातच. म्हणून काहीही बदलण्यापूर्वी प्रॉक फाईलसिस्टिममधील 'इंटरप्ट्स' ही फाईल दहा सेकंदांच्या अंतराने दोनदा वाचावी आणि राखीव कोअरच्या रकान्यात कोणत्या ओळींचे आकडे वाढले ते लिहून ठेवावे. इंटरनेटवरून उचललेली पॅरामीटरची लांबलचक यादी बूट ओळीत (यंत्र सुरू होताना कर्नलला दिल्या जाणाऱ्या सूचनांत) चिकटवण्यापेक्षा हे दहा सेकंद अधिक उपयोगी पडतात.

समजा, यंत्रात आठ कोअर आहेत. शून्य आणि एक हे कर्नलच्या घरकामासाठी ठेवावेत (कर्नलचे विकासकही याला 'हाऊसकीपिंग' असेच म्हणतात) आणि दोन ते सात राखीव करावेत. हायपरथ्रेडिंग (एक भौतिक कोअर दोन असल्यासारखा वापरण्याची सोय) चालू असेल, तर एकाच भौतिक कोअरची जुळी भावंडे दोन गटांत विभागली जाणार नाहीत, याची खात्री आधी करून घ्यावी.

बूट ओळीत 'नो-एचझेड-फुल' आणि 'आयसोल-सीपीयूज' या दोन्ही पॅरामीटरना दोन ते सात ही व्याप्ती द्यावी. यांपैकी पहिला पॅरामीटर कर्नलच्या आवृत्ती ३.१० पासून उपलब्ध आहे. त्याने आरसीयूची (कर्नलमधील सामायिक माहिती सुरक्षितपणे बदलण्याची यंत्रणा) कॉलबॅक, म्हणजे मागाहून उरकायची कामेही, त्या कोअरवरून आपोआप हलतात. मात्र त्या कोअरवर चालण्यास तयार असलेले काम एकच असेल, तरच टिक थांबते. दुसऱ्यामुळे शेड्युलरचे (कामे कोअरना वाटून देणारा कर्नलचा भाग) भार वाटणे बंद होते, त्यामुळे प्रोग्रामचा प्रत्येक थ्रेड (स्वतंत्रपणे चालणारी शाखा) 'टास्कसेट' या आज्ञेने एकेका कोअरवर स्वतः बांधावा लागतो. यात एक किंमतही मोजावी लागते: कर्नलमध्ये जाणे-येणे थोडे महाग होते, म्हणून सतत सिस्टिम कॉल करणाऱ्या, म्हणजे कर्नलकडे काम मागणाऱ्या, प्रोग्रामसाठी मी हा मार्ग सुचवणार नाही.

उपकरणांचे इंटरप्ट 'आयआरक्यू-अफिनिटी' या पॅरामीटरने शून्य आणि एककडे वळवावेत आणि 'आयआरक्यू-बॅलन्स' ही सेवा ते परत पसरवत नाही ना, हे पाहावे. एनव्हीएमई डिस्कसारख्या काही उपकरणांचे इंटरप्ट कर्नल स्वतःच वाटतो आणि ते हाताने हलवू देत नाही. त्यांच्यासाठी 'आयसोल-सीपीयूज'मध्ये 'मॅनेज्ड-आयआरक्यू' हा शब्द जोडता येतो. राखीव कोअरनेच डिस्कवर लिहायला घेतले, तर मात्र त्याचाही इलाज चालत नाही.

एवढे झाल्यावर जे उरते ते बहुधा दुसऱ्या कोअरकडून आलेले असते आणि खरी चिकाटी येथेच लागते. 'इंटरप्ट्स' फाईलमधील 'टीएलबी' (मेमरीच्या पत्त्यांच्या कोअरजवळ साठवलेल्या नोंदी) ही ओळ वाढत असेल, तर दोष बहुतेक आपल्याच प्रोग्रामचा असतो: घरकामाच्या कोअरवरील त्याच प्रक्रियेच्या एखाद्या थ्रेडने मेमरी परत केली, की त्या प्रक्रियेचे थ्रेड जेथे जेथे चालू आहेत त्या कोअरना जुन्या नोंदी पुसायला सांगावे लागते. लागणारी मेमरी सुरुवातीलाच घेऊन शेवटपर्यंत धरून ठेवावी आणि लॉग लिहिणारा थ्रेड वेगळ्या प्रक्रियेत हलवावा. 'सीएएल' ही ओळ वाढत असेल, तर कर्नल सर्व कोअरवर एखादे फंक्शन चालवत आहे असे समजावे. कोणी ट्रेसिंग (कर्नलच्या आतील घडामोडींची नोंद) चालू-बंद केले, की कर्नलचा कोड चालू अवस्थेतच बदलला जातो आणि त्याची वर्दी राखीव कोअरनाही मिळते. कर्नलच्या आवृत्ती ६.४ पासून 'आयपीआय-सेंड-सीपीयूमास्क' हा ट्रेसपॉइंट (अशी नोंद घेण्याची कर्नलमधील ठरलेली जागा) आहे. त्याला स्टॅकची (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावले त्या साखळीची) नोंद जोडली, की हाक मारणारा कोण ते नावानिशी कळते. हा ट्रेसपॉइंट चालू करण्यानेही सुरुवातीला काही इंटरप्ट येतात, ते हिशेबात धरू नयेत.

शेवटी 'आरटीएलए' या लिनक्सच्या मोजमाप-संचातील 'ओएस-नॉइज' हे साधन राखीव कोअरवर काही तास चालवावे. त्यात खंड दिसतो, पण इंटरप्ट, सॉफ्टआयआरक्यू (इंटरप्टनंतर कर्नल उरकतो ते काम) किंवा थ्रेड यांपैकी कशाचीच नोंद नाही असे आढळले, तर फर्मवेअरच्या (यंत्रातच बसवलेल्या मूळ सॉफ्टवेअरच्या) एसएमआय या इंटरप्टचा संशय घ्यावा. तो कर्नलला अडवता येत नाही, म्हणून त्यासाठी बायोसच्या सेटिंगमध्येच शिरावे लागते.