बँकॉकच्या रस्त्यांवर एकट्याने खाताय? या चुका टाळा

चौघं मिळून गेलं की एका प्लेटमध्ये चार चमचे पडतात आणि रात्रीत दहा पदार्थ चाखून होतात. एकट्याला ही सोय नाही. तरी बहुतेक जण यावरातला, म्हणजे तिथल्या चायनाटाऊनमध्ये उतरतात, पहिल्याच गाडीवर भरपेट नूडल्स हाणतात आणि मग पोटावर हात ठेवून बाकीच्या गाड्या नुसत्या बघत फिरतात. सुरुवात छोट्या गोष्टीने करा. खानोम क्रोक घ्या. तांदळाचं पीठ आणि नारळाचं दूध, भाजायला थेट आपलं आप्पेपात्रच म्हणावं असा तवा. टेबल अडवल्याचा संकोच नको, अनोळखी माणसासमोर बसून खाणं तिथे रोजचंच आहे.

यावरात संध्याकाळी जागं होतं. सोमवारी मात्र बऱ्याच गाड्या लागत नाहीत, तेव्हा एकच रात्र हातात असेल तर वार बघून ठरवा. दुपारी नदी ओलांडून वांग लांग बाजारात जा. शेजारी सिरिराज हॉस्पिटल आहे, त्यामुळे जेवायला नर्सेस आणि विद्यार्थी असतात. रोज येणाऱ्या माणसांची अशी गर्दी दिसली की डोळे मिटून बसावं. व्हिडिओ बघून लागलेल्या रांगेबद्दल मला तेवढी खात्री वाटत नाही.

शाकाहारी असाल तर सगळ्यात मोठी चूक म्हणजे नुसतं ‘व्हेज’ म्हणणं. गाडीवाली मावशी हसून मान डोलावते, मांसाचे तुकडे वगळते आणि सवयीने फिश सॉस ओतते. तिच्या हिशेबी तो मिठाच्या जागी असतो. ऑयस्टर सॉसचंही तसंच, आणि कच्च्या पपईच्या कोशिंबिरीत, म्हणजे सोम तममध्ये, सुकी कोळंबी बहुधा असतेच. त्यापेक्षा ‘जे’ म्हणा. पिवळ्या पताकेवर लाल रंगात 17 सारखी दिसणारी ‘जे’ची थाई अक्षरं असतील, तर तिथे मांस, मासे, अंडी, दूध तर नाहीच, पण कांदा-लसूणही नाही. जैन मंडळींनी कंदमुळांचं मात्र वेगळं विचारावं. बऱ्याच वर्षी आपल्या नवरात्राच्या सुमारासच तिथला नऊ दिवसांचा ‘जे’ उत्सव येतो आणि यावरात पिवळ्या पताकांनी भरून जातं. शाकाहाऱ्याने जायचं तर तेव्हाच.

मांसाहाऱ्यांनीही तीन शब्द पाठ करावेत: ‘मू’ म्हणजे डुक्कर, ‘काय’ म्हणजे कोंबडी, ‘नुआ’ म्हणजे बीफ. बोट (म्हणजे होडी) नूडल्सचा दाट काळपट रस्सा बहुधा रक्त घालून केलेला असतो, हे वाटी समोर येण्याआधी माहीत असलेलं बरं. शेंगदाणे किंवा कोळंबीची ॲलर्जी असेल तर ती थाईत लिहून फोनमध्ये ठेवा आणि दाखवा. खाणाखुणांवर विसंबू नका.

‘आम्ही कोल्हापूरचे’ हा तोरा सोम तमच्या गाडीवर मिरवू नका. पहिल्यांदा ‘माय फेत’, म्हणजे तिखट नको, एवढंच सांगा. टेबलावर मिरचीपूड ठेवलेलीच असते. तोंड पोळलंच तर पाणी पिऊन उपयोग नाही, चिकट भात किंवा साखर खा.

पैशांचं थोडक्यात: गाडीवरचा क्यूआर तिथल्या बँकांसाठी असतो, आपल्या यूपीआयच्या भरवशावर राहू नका. 1000 बातची नोट आधी सेव्हन-इलेव्हनमध्ये मोडून घ्या. परदेशी कार्डाला एटीएम दर वेळी 200 बातच्या वर शुल्क लावतं, म्हणून थोडे थोडे पैसे काढणं महागात पडतं.

नळाचं पाणी पिऊ नका. बर्फ मध्ये भोक असलेला, नळीसारखा असेल तर तो सहसा कारखान्यातला असतो. फोडलेल्या लादीचा टाळा. तरीही पोट बिघडलंच, तर एकट्याच्या खोलीत औषध आणून द्यायला कुणी नसतं. ओआरएसची पाकिटं आणि बंद पाण्याच्या बाटल्या पहिल्याच दिवशी आणून ठेवा. ताप आला, शौचात रक्त दिसलं किंवा पाणीही पोटात ठरत नसेल, तर वाट बघू नका. रुग्णवाहिकेसाठी 1669, पर्यटक पोलिसांसाठी 1155. हॉटेलचा पत्ता थाई लिपीत फोनमध्ये ठेवा, म्हणजे तो वाचून दाखवता येत नसला तरी समोरच्याला दाखवता येईल.