इंग्रजीत अर्ज लिहायचाय? आधी मराठीत बोलून बघा

कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातल्या माझ्या मामांनी गेल्या पावसाळ्यात माझ्यापुढे एक कागद टाकला. गावातल्या रस्त्याबद्दल माहिती अधिकारात अर्ज करायचा होता. मामांची शाळा मराठी. कन्नड फाडफाड बोलतात, पण लिहिता येत नाही. माहिती अधिकार कायद्याच्या सहाव्या कलमात अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या भागाच्या राजभाषेत करायची मुभा आहे. इथली राजभाषा कन्नड. मग आपला माणूस वळतो इंग्रजीकडे. मामांनी टायपिंगवाल्याकडून लिहून आणलेलं इंग्रजी असं होतं:

"विथ रेफरन्स टू द अबव्ह सब्जेक्ट, आय द अंडरसाइन्ड बेग टू स्टेट दॅट द कंडिशन ऑफ द रोड इज व्हेरी पथेटिक सिन्स लाँग टाइम ओन्ली. द सेम मे काइंडली बी लुक्ड इन्टू अँड द नीडफुल बी डन."

"भारी लिवलंय की नाही बघ," मामा म्हणाले. "शंभर घेतलं त्यानं."

भारी होतं खरं. फक्त मामांना काय पाहिजे, ते त्यात कुठेच नव्हतं.

हे इंग्रजी वाचणार कोण, याचा विचार आधी करा. टेबलामागचा कारकून घरी कन्नड बोलतो, तुम्ही मराठी. इंग्रजी दोघांच्याही घरची नाही. पुलाच्या दोन्ही टोकांना माणसं चाचपडतच उभी असतात, मग पूल जितका सरळ तितकं बरं. 'अंडरसाइन्ड' लिहून तुमचा मान वाढत नाही, त्याचा वेळ मात्र जातो. शिवाय कर्नाटकच्या नियमांत माहिती अधिकाराचा अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण 150 शब्दांच्या आत असावा असं म्हटलंय. म्हणजे फाफटपसाऱ्याला जागाच नाही.

पहिलं काम पेन उचलायच्या आधीचं. कुणाला तरी समोर बसवा आणि काय हवंय ते मराठीत सांगा. मामांना मी विचारलं, "तुम्हाला नक्की पाहिजे काय?" त्यांनी पंधरा मिनिटं कंत्राटदाराला शिव्या घातल्या, मग म्हणाले, "कागद बघायचेत. किती पैसे दिले, काय मापलं." झालं, अर्ज सापडला. बाकीची पंधरा मिनिटं अर्जात नको. माहिती मागण्याचं कारण सांगायची सक्तीही या कायद्यात नाही. आणि 'रस्ता का केला नाही' असं विचारू नका, 'का'ला उत्तर टाळता येतं. कोणता कागद हवा ते विचारा.

मग क्रम उलटा करा. आपल्या मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि मुद्दाही बहुधा शेवटी येतो. आधी तब्येत-पाणी, मग पार्श्वभूमी, मग अडचण, आणि उठता उठता मागणी. इंग्रजीत मागणी पहिल्या वाक्यात टाका. कोण, काय करतो, कशाला (म्हणजे कर्ता, क्रियापद, कर्म), या क्रमाने छोटं वाक्य ठेवा. एका वाक्यात एकच काम.

आता खरी मेख, म्हणजे आपल्या मराठीच्या खुणा. त्या तुम्हाला दिसत नाहीत, कारण त्या तुमच्याच आहेत.

सर्वांत हट्टी खूण म्हणजे 'च'. आपण म्हणतो 'कालच आलो', म्हणून लिहितो 'आय केम येस्टरडे ओन्ली'. इंग्रजीत हा 'ओन्ली' लटकत राहतो. खोडा. नव्वद टक्के ठिकाणी काही बिघडत नाही. (गंमत म्हणजे कन्नडवालेही असंच लिहितात, त्यामुळे आपल्याकडे ही चूक कुणाला चूक वाटत नाही. बाहेरच्या माणसाला वाटते.)

दुसरी खूण, 'करण्यात आले'. सरकारी मराठीने आपल्याला लावलेलं हे वळण. 'काम करण्यात आले नाही' म्हटलं की कुणी केलं नाही ते गुलदस्त्यात राहतं, आणि इंग्रजीत उतरलं की 'द वर्क वॉज नॉट डन' होतं. कर्ता माहीत असेल तर लिहा: ग्रामपंचायतीने, कंत्राटदाराने, तलाठ्याने.

तिसरी, 'अ' आणि 'द'. मराठीत असला प्रकारच नाही, म्हणून आपण एक तर दोन्ही गाळतो, नाही तर सगळीकडे 'द' पेरतो. ढोबळ युक्ती अशी: वस्तू पहिल्यांदा आली आणि वाचणाऱ्याला ती कोणती ते माहीत नसेल, तर 'अ'. तीच पुन्हा आली, किंवा ती एकच आहे हे त्याला कळतंय, तर 'द'. सगळीकडे चालत नाही, पण अर्जापुरतं निभतं.

'आय अ‍ॅम हॅविंग टू एकर्स' हेही सोडा. जमीन तुमच्याकडे असते, चालू नसते. 'आय हॅव'.

जड शब्दांबद्दल फार सांगत बसत नाही. 'कमेन्स'ऐवजी 'स्टार्ट', 'परचेस'ऐवजी 'बाय', 'इन केस ऑफ'च्या जागी 'इफ' बसतो का बघा. 'डू द नीडफुल' मात्र कायमचं हद्दपार करा. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फौंड्रीत काम करणारा माझा एक मित्र ग्राहकांच्या मेल रोज वाचतो. 'मटेरियल रिसीव्ह्ड, सेम इज डॅमेज्ड, प्लीज डू द नीडफुल' आलं की त्याचा अर्धा दिवस विचारण्यात जातो: किती नग, कसले खराब, बदलून द्यायचे की पैसे वळते करायचे? तेच असं लिहिलं असतं तर: 'सिक्स ऑफ द फॉर्टी कास्टिंग्ज आर क्रॅक्ट. प्लीज रिप्लेस देम बाय फ्रायडे.' दोन वाक्यं, त्यात दोन आकडे आणि एक वार.

सोपं लिहायच्या नादात एक गोष्ट मात्र बदलू नका: कचेरी ज्या नावाने कागद ठेवते ते नाव. शेताच्या उताऱ्याला इथे आरटीसी किंवा पहाणी म्हणतात, तर अर्जात आरटीसीच लिहा, 'लँड पेपर' नको. पत्त्यावरही तसंच. तोंडात बेळगाव असू दे, पण 1 नोव्हेंबर 2014 पासून सरकारी नाव बेळगावी आहे. वाद आहे तो आहे, टपाल पोचू दे.

मामांचा अर्ज शेवटी असा झाला: "प्लीज गिव्ह मी कॉपीज ऑफ दीज रेकॉर्ड्स अबाउट द रोड फ्रॉम द बस स्टॉप टू द स्कूल इन अवर व्हिलेज. द वर्क ऑर्डर. द बिल्स पेड टू द काँट्रॅक्टर. द मेजरमेंट बुक पेजेस फॉर धिस वर्क. द पीरियड इज एप्रिल 2022 टू मार्च 2023." 'अवर व्हिलेज'च्या जागी गावाचं नाव घातलं. पन्नास शब्दांच्या आत काम.

शेवटची पायरी लोक गाळतात. लिहिलेलं मोठ्याने वाचा आणि इंग्रजी न येणाऱ्या माणसाला वाक्यागणिक मराठीत सांगा. जिथे तुम्ही स्वतः अडखळाल तिथलं वाक्य तोडा. मी वाचत गेलो, मामा मान डोलवत गेले. एका ठिकाणी थांबले.

"मेजरमेंट बुक म्हंजे?"

"मोजमापाची वही, मामा. काम किती झालं ते त्यात लिहितात."

"मग अर्जात ऱ्हाऊ दे ते." त्यांनी कागद हातात घेऊन उलटापालटा केला. "एवढंच?"

"एवढंच. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडा. तीस दिवसांत उत्तर द्यायला पाहिजे त्यांनी."

मामांनी अर्जाची घडी घालून खिशात ठेवली, चप्पल घातली आणि दारातून वळून विचारलं, "त्या टायपिंगवाल्याकडनं शंभर परत मागू काय रे?"