घुमणारा एक्झॉस्ट: आधी सूर ओळखा, मग पाइप कापा

मी गाडीला स्टेनलेस स्टीलचा, आरपार जाळीचा सायलेन्सर बसवला तेव्हा पहिले दोन दिवस फार आनंदात गेले. चार सिलिंडरचं इंजिन, उभ्या गाडीत आवाज भरीव, खर्जातला. तिसऱ्या दिवशी लांबच्या प्रवासाला निघालो. बाबा मागच्या सीटवर होते. तासाभराने ते म्हणाले, "आपण डोंगर चढत नाही आहोत, तरी माझ्या कानाला दडे का बसलेत रे?" तोवर माझंही डोकं भणभणायला लागलं होतं. काटा २३०० ते २७०० आरपीएमच्या (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या) मध्ये असला की गाडीत एकच 'घूं' भरून राहायचा आणि २५०० ला त्याचा कळस व्हायचा. त्याच्या वर किंवा खाली गेलं की हवा मोकळी झाल्यासारखं वाटायचं.

हा घूं घालवायला मला बराच काळ लागला, कारण मी चुकीच्या टोकाने सुरुवात केली. तुम्ही तसं करू नका, म्हणून सगळं क्रमाने सांगतो.

रिकाम्या हंड्यात तोंड घालून आवाज काढला की एका ठरावीक सुराला हंडा घुमतो, बाकीच्या सुरांना नाही. गाडीची केबिनही तसाच हंडा आहे. माझ्या गाडीत पुढच्या काचेपासून मागच्या दारापर्यंतची लांबी साधारण २ मीटर. हवेत आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो, त्यामुळे एवढ्या लांबीच्या बंद पेटीचा पहिला सूर (आवाजाचा वेग भागिले लांबीची दुप्पट) ८६ हर्ट्झच्या आसपास पडतो. आता इंजिनाचा सूर काढू. फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. म्हणून चार सिलिंडर असतील तर आरपीएमला ३० ने भागा. तीन असतील तर ४० ने, सहा असतील तर २० ने, आठ असतील तर १५ ने. माझे २५०० भागिले ३०, म्हणजे ८३ हर्ट्झ. इंजिनाचा सूर आणि केबिनचा सूर जवळजवळ एकच निघाला. कंपनीच्या सायलेन्सरने हा सूर दाबून ठेवला होता, नव्या सायलेन्सरने तो मोकळा सोडला.

गणित झालं तरी मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका. फोनवर आवाजाचा स्पेक्ट्रम दाखवणारं कुठलंही ॲप चालेल, पण त्यात 'ए' वेटिंग असेल तर ते बंद करा, 'सी' किंवा 'झेड' निवडा. 'ए' वेटिंग माणसाच्या कानाप्रमाणे खर्जाचे सूर कमी धरतं. ८० हर्ट्झला ते २२ डेसिबलहून जास्त कापतं, म्हणजे आपण जो शोधतोय तोच आवाज लपवतं. काचा बंद, पंखा बंद, गाणी बंद. फोन शेजारी बसलेल्याच्या हातात द्या. गाडी चालवणाऱ्याने स्क्रीनकडे बघायचं नाही. आणि फोन केबिनच्या बरोबर मध्ये धरू नका. अशा पेटीत हा सूर दोन्ही टोकांना जोरात असतो, मधल्या पट्ट्यात पडतो. ज्याला त्रास होतो त्याच्या कानाशी फोन धरा. बाबांच्या डोक्यामागे धरला तेव्हा मला ८३ वर सरळ सुळका दिसला, पुढे आणून मधोमध धरला तर तो निम्म्यावर आला. त्यांनाच सगळ्यात जास्त त्रास का होत होता, ते तेव्हा कळलं.

उभ्या गाडीत रेस देऊन मोजण्यात अर्थ नाही. इंजिनावर भार नसतो, घूंही अर्धामुर्धा येतो. मोकळ्या सरळ रस्त्यावर, तोच गिअर, तेच आरपीएम धरून मोजा. मग त्याच आरपीएमला दुसरा गिअर टाकून बघा. वेग बदलला तरी सुळका तिथेच राहिला तर तो एक्झॉस्टचा. वेगाबरोबर सरकला तर टायर किंवा व्हील बेअरिंग तपासा, त्याला पाइपचे उपाय लागू पडणार नाहीत. आकडा लिहून ठेवा. फोनचे डेसिबल तंतोतंत खरे नसतात, पण त्याच फोनवर, त्याच जागी धरून आधी आणि नंतर किती फरक पडला हे भरवशाने कळतं.

आता गाडीखाली. इंजिन पूर्ण थंड हवं, आणि गाडी नुसत्या जॅकवर कधीही नाही, पक्क्या स्टँडवर. पहिल्यांदा गळती बघा: फ्लँजच्या, म्हणजे दोन पाइप जिथे बोल्टने जोडतात त्या चपट्या सांध्याच्या, कडेला काजळीचा काळा फराटा दिसला की तिथून गॅस निघतोय. ही फक्त आवाजाची बाब नाही. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नसतो आणि तो केबिनमध्ये शिरू शकतो. सांध्यातली गॅस्केट (गळती रोखणारी चकती) बदलल्याशिवाय लांबच्या प्रवासाला जाऊ नका.

मग पाइप कुठे बॉडीला टेकतोय का ते शोधा. हाताने हलवून 'ठक' असा आवाज येतो का बघायचं, पण तेवढ्यावर थांबू नका. स्टेनलेस पाइप तापल्यावर वाढतो. ३ मीटरचा पाइप २०० अंशांनी तापला तर सुमारे १ सेंटिमीटर लांब होतो. थंड असताना बोटभर फट दिसते आणि रस्त्यावर तीच मिटते. माझ्या गाडीत स्टेपनीच्या खड्ड्याजवळच्या एका ब्रॅकेटवर नाण्याएवढा चकचकीत डाग होता. आजूबाजूला धूळ आणि मधेच घासून लख्ख झालेलं लोखंड. पाइप तापला की तिथे टेकायचा आणि इंजिनाची थरथर थेट मागच्या पत्र्यात उतरायची. पाइप ज्यावर टांगलेला असतो तो हँगर अर्धा इंच सरकवला. सायलेन्सरबरोबर आलेले कडक पॉलियुरेथेनचे हँगर काढून परत मऊ रबराचे घातले, कारण कडक हँगर पाइप घट्ट धरतात पण थरथरही तितकीच पोचवतात. एवढ्यावरच पायाखालची कंपनं गेली. घूं मात्र थोडाच उतरला.

आवाज दाबायला पत्र्यावर चिकटवतात त्या मॅटबद्दल मला मनापासून सांगायचं आहे, कारण बहुतेक जण तिथेच पैसे घालवतात. मीही डिकीचा पूर्ण तळ, खड्डा, मागचं दार, सगळीकडे ब्युटिल मॅट चिकटवली होती, वर फोमही. ब्युटिल पत्र्याचं झणझणणं थांबवतं, ते काम ते उत्तम करतं. पत्र्यावर बोटाच्या पेराने टकटक करा: 'टण्ण' वाजलं तर तिथे तुकडा लावा, 'ठप्प' वाजलं तर पुढे जा. पत्र्याचा पाव ते अर्धा भाग झाकला तरी पुरतं, काठोकाठ भरायची गरज नसते. पण हवेतून येणारा ८३ हर्ट्झचा सूर त्याने अडत नाही. त्या सुराची लहर ४ मीटरहून लांब असते. ती फोमने शोषायची तर फोमची जाडी मीटरभर लागेल. आपण लावतो १ सेंटिमीटर.

म्हणून जो सूर खटकतो, नेमका तोच पाइपमध्ये मारायचा. त्याचं साधन म्हणजे एक टोक बंद असलेली बाजूची नळी, जिला गाडीवेडे 'जे-पाइप' म्हणतात. मुख्य पाइपला भोक पाडून ही नळी जोडतात. आवाज नळीत शिरतो, बंद टोकावर आपटून परत येतो. नळीची लांबी लहरीच्या पाव भाग असेल तर परत येणारा आवाज बरोबर उलटा पडतो आणि मूळ सुराला कापतो. गॅसच्या वाटेत काहीच आडवं येत नाही, त्यामुळे इंजिनाची ताकद जात नाही, आणि बाकीचा आवाज जसा आवडला होता तसाच राहतो.

लांबी काढायची रीत: आवाजाचा वेग भागिले सुराची चौपट. खाचखळगा आहे तो वेगात. तापलेल्या गॅसमध्ये आवाज जास्त वेगाने जातो: १०० अंशांना सेकंदाला सुमारे ३८७ मीटर, २०० अंशांना सुमारे ४३६. म्हणजे ८३ हर्ट्झसाठी नळी १.१६ मीटरपासून १.३१ मीटरपर्यंत कुठेही येऊ शकते. बंद नळीतून गॅस वाहत नाही, त्यामुळे तिच्या आतलं तापमान मुख्य पाइपपेक्षा कमी असतं आणि बाहेरून अंदाज बांधता येत नाही. तेव्हा एकदम वेल्डिंग करून मोकळे होऊ नका. मी १.१० मीटरची नळी जोडली आणि तिच्यावर सरकणारा, टोक बंद असलेला तुकडा क्लॅम्पने आवळला. दर वेळी २ सेंटिमीटर बाहेर काढायचा, फेरी मारायची, आकडा लिहायचा. माझ्या गाडीत १.२२ मीटरला सुळका सगळ्यात खाली गेला. आधीच्यापेक्षा ११ डेसिबल कमी. कानाला १० डेसिबल कमी म्हणजे आवाज जवळपास निम्मा. मग त्याच मापाने टोक कायमचं वेल्ड केलं.

जोडणीच्या काही गोष्टी. नळी मुख्य पाइपइतक्याच व्यासाची घ्या. बारीक घेतली तर अगदी अरुंद पट्ट्यातच काम करते. धूर बाहेर पडतो त्या टोकापाशी जोडू नका, तिथे आवाजाचा दाब जवळजवळ शून्य असतो आणि नळीला कापायला काही उरत नाही. मी ती मागच्या सायलेन्सरच्या अलीकडे जोडून मुख्य पाइपला समांतर वळवली. पेट्रोलची टाकी, ब्रेकच्या नळ्या, वायरिंग यांपासून लांब, आणि मागचा ॲक्सल वर उसळला तरी आपटणार नाही अशी. लांबच्या टोकाला एक रबरी हँगर हवाच, नाहीतर हेलकाव्यांनी सांधा तडकतो. उतार मुख्य पाइपकडे ठेवा, म्हणजे आत साठलेलं पाणी परत वाहून जाईल. वेल्डिंगच्या आधी बॅटरी सोडवा, आणि जस्त चढवलेला पाइप वेल्डिंगला घेऊ नका, त्याचा धूर छातीला बाधतो. धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला हात लावायचा नाही. तो काढून हा आवाज जात नाही, हवा मात्र बिघडते.

मधल्या पाइपमध्ये छोटा रेझोनेटर (आवाज कमी करणारा जास्तीचा डबा) घालायचा सल्लाही मिळेल. वरच्या आरपीएमला येणारा कर्कश, पत्रा फाटल्यासारखा आवाज त्याने जातो. खर्जाच्या घूंवर त्याचा फारसा उपयोग होत नाही. सायलेन्सर जुना असेल तर मात्र त्यातलं काचतंतूचं भरण जळून गेलंय का ते आधी बघा. नवीन भरल्यावर पुष्कळ फरक पडतो.

शेवटची एक गोष्ट मला १.२२ मीटरचं माप सापडल्यावर दुसऱ्याच सकाळी, टोक वेल्ड करायच्या आधी, समजली. गाडी काढली आणि २५०० ला घूं जसाच्या तसा. मोजमाप चुकलं असं वाटून मी क्लॅम्प सोडायला निघालो होतो. पण पाइप थंड होता. थंड गॅसमध्ये १.२२ मीटरची नळी ७० हर्ट्झला, म्हणजे २१०० आरपीएमला काम करते. तापत जाईल तशी ती वर सरकत ८३ ला पोचते. वीस मिनिटांनी आवाज आपोआप बसला. त्यामुळे नळी लांब किंवा आखूड करायचा निर्णय नेहमी गाडी पूर्ण तापल्यावरच घ्या, आणि प्रत्येक फेरी तेवढीच तापवून मारा.